मोरीचे पाणी आणि सूर्येवरचा हक्क

(पालघर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेले भाषण)



'राहत्या इमारतींतील सांडपाण्याचा व त्यातील उष्णतेचा पुनर्वापर' हा विषय आजच्या पत्रिकेवर पाहून हा विषय आपल्या पक्षाचा की नगरपालिकेच्या अभियंत्याचा, असा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. जमीन, मजुरी, रेशन, विस्थापन हे आपले नेहमीचे विषय. त्यांच्या पंक्तीला मोरीचे पाणी कसे येऊन बसले? माझे आजचे म्हणणे एवढेच आहे, की पालघर जिल्ह्यात तरी मोरीच्या पाण्याचा प्रश्न जमिनीच्या आणि विस्थापनाच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. बोईसरच्या सदनिकेत शौचकुपात ओतली जाणारी बादली आणि विक्रमगडच्या शेतात न पोहोचलेला कालवा ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत. ही व्यवस्था समजून घ्यायची, तर थोडे तंत्र आणि थोडे अंकगणित या दोन्हींची गरज आहे. ते काम तज्ज्ञांवर सोडून दिले, की निर्णयही त्यांच्याच हाती जातो, आणि तज्ज्ञ बहुधा ज्याच्या पदरी असेल त्याच्या बाजूने बोलतो.

पाणी कोणाचे, जाते कुठे

आपला जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. आठ तालुक्यांच्या या जिल्ह्यात पाऊस भरपूर पडतो. तरीही मोखाडा आणि जव्हारच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. त्याच मोखाडा तालुक्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी २०१४ पासून मुंबईला जाते. धरणाच्या परिसरातील बाई हंडा घेऊन डोंगर उतरते आणि धरणाचे पाणी जलवाहिनीतून शंभर किलोमीटर प्रवास करून महानगरात पोहोचते. यात निसर्गाचा दोष काही नाही.

सूर्या नदीची कथा याहून बोलकी आहे. धामणीचे धरण आणि कवडासचा बंधारा बांधताना सांगण्यात आले होते, की डहाणू, पालघर आणि विक्रमगड या तालुक्यांतील, मुख्यतः आदिवासींची, शेती या पाण्याने ओलिताखाली येईल. काही शेती आलीही. परंतु वर्षे गेली तसे या पाण्याचे वाटेकरी वाढले. तारापूरची औद्योगिक वसाहत आली, वाढती शहरे आली, आणि शेवटी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची ४०३ दशलक्ष लिटरची प्रादेशिक योजना आली. दररोजच्या या ४०३ दशलक्ष लिटरांपैकी १८५ वसई-विरारसाठी आणि २१८ मिरा-भाईंदरसाठी. येथील शेतकऱ्यांनी आणि आदिवासी संघटनांनी त्याविरुद्ध मोर्चे काढले, निवेदने दिली. त्यांचे म्हणणे साधे होते: आमचे कालवे अपुरे, आमची शेते कोरडी, मग आमच्या नावावर बांधलेल्या धरणाचे पाणी आधी दुसरीकडे कसे?

या प्रश्नावर आपण समाजवाद्यांनी एक सोपी चूक टाळली पाहिजे. शहरातील माणूस आपला शत्रू नव्हे. विरारच्या चाळीत राहणारा कामगार आणि नालासोपाऱ्यात पहाटे चारला नळाशी उभी राहणारी घरकामगार बाई हीही आपलीच माणसे आहेत. मृणालताई गोरे यांना लोक 'पाणीवाली बाई' म्हणू लागले, ते १९६० च्या दशकात गोरेगावच्या वस्त्यांना पाणी मिळावे म्हणून त्यांनी दिलेल्या लढ्यामुळे. शहरातील गरिबाला पाणी मिळणे हा आपल्याच चळवळीचा वारसा आहे. तेव्हा आदिवासी विरुद्ध शहरी गरीब अशी झुंज लावून देणे हा सत्ताधाऱ्यांचा डाव असतो, आपला नव्हे. आपण प्रश्न विचारायचा तो असा: शहरात आलेल्या पाण्याचे काय होते? ते किती वेळा वापरले जाते? आणि एकदाच वापरून फेकून द्यायचे असेल, तर आणखी पाणी मागण्याचा नैतिक अधिकार शहराच्या नियोजनकर्त्यांना उरतो काय?

एका इमारतीचा हिशोब

येथे अंकगणिताकडे वळू. आपल्याकडे शहरी नियोजनात दरडोई दररोज १३५ लिटर पाणी धरतात. त्याची प्रचलित विभागणी अशी: आंघोळ ५५, कपडे धुणे २०, शौचालय ३०, भांडी १०, घरधुणी १०, स्वयंपाक ५ आणि पिणे ५. यादीकडे नीट पाहा. पिण्यास आणि स्वयंपाकास लागणारे पाणी केवळ १० लिटर. शौचालयात जाते ३० लिटर. म्हणजे धरणात साठवलेले, गाळलेले, निर्जंतुक केलेले, पंपाने उपसून चौथ्या मजल्यावरील टाकीत चढवलेले पाणी आपण जेवढे पितो-शिजवतो, त्याच्या तिप्पट मैला वाहून नेण्यासाठी वापरतो. मैला वाहून नेण्यासाठी पिण्यायोग्य पाणी लागत नाही. आंघोळीचे आणि कपड्यांचे पाणी थोडे निवळून घेतले, तर ते त्या कामाला पुरेसे असते.

समजा, बोईसरमध्ये ४० सदनिकांची एक इमारत आहे आणि प्रत्येक घरात सरासरी पाच माणसे, म्हणजे एकूण २०० माणसे. प्रमाणाप्रमाणे त्यांना दररोज २७,००० लिटर पाणी लागेल. त्यापैकी आंघोळ आणि कपडे यांचे मिळून १५,००० लिटर मोरीतून वाहून जाईल. शौचालयांना लागतील ६,००० लिटर. मोरीचे पाणी शौचालयाकडे वळवले, तर दररोज ६,००० लिटर स्वच्छ पाणी वाचते. वर्षाला सुमारे २२ लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरने मोजले तर जवळजवळ २२० टँकर. वर ९,००० लिटर बागेसाठी किंवा शोषखड्ड्यातून जमिनीत मुरवण्यासाठी उरतेच.

हाच आकडा दुसऱ्या बाजूने पाहा. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये ग्रामीण माणसासाठी दररोज ५५ लिटरचे प्रमाण ठरले. शहरी माणसाला १३५ आणि खेड्यातल्याला ५५ का, हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवू. तोही एक दिवस विचारावाच लागेल. ५५ लिटरच्या हिशोबाने एका इमारतीच्या शौचालयांचे ६,००० लिटर पाणी म्हणजे १०९ माणसांचा दिवसाचा पूर्ण वाटा. एक अख्खा पाडा.

आता सूर्येच्या योजनेकडे येऊ. ४०३ दशलक्ष लिटर म्हणजे ४० कोटी ३० लाख लिटर. वरच्याच विभागणीने यातील सुमारे नऊ कोटी लिटर शौचालयांत जाणार. हंगामाचे १२० दिवस धरले, तर ते एक कोटी घनमीटरच्या पुढे जाते. एक हेक्टर रब्बी पिकाला सहा हजार घनमीटर पाणी लागते असे धरले आणि कालव्यातील गळती सढळपणे वजा केली, तरी हजार हेक्टर भिजतील एवढे हे पाणी आहे. हा हिशोब ढोबळ आहे; प्रत्येक जुन्या इमारतीत हे उद्या होणार नाही, हे मलाही कळते. परंतु दिशा कळण्यासाठी ढोबळ हिशोब पुरतो.

आपल्याकडे हे नवे नाही

ही कल्पना परदेशातून आली, असे समजण्याचे कारण नाही. आपल्या किनाऱ्यावर, केळव्यापासून बोर्डीपर्यंत, जुन्या घरांच्या मागे न्हाणीचे पाणी पाटाने अळूच्या वाफ्यात, तेथून केळींना आणि माडांना जात असे. कर्दळीचा ताटवा न्हाणीमागेच का लावत, याचे उत्तर आजच्या शास्त्राने दिले आहे. कर्दळ, अळू, पाणकणीस यांच्या मुळांभोवती वाढणारे जिवाणू सांडपाण्यातील घाण खाऊन टाकतात. आता याच पद्धतीला मूलक्षेत्र प्रक्रिया असे भारदस्त नाव मिळाले आहे. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णी या गावाने घरोघर शोषखड्डे करून गावातील गटारे नाहीशी केली, हे उदाहरण तर सर्वश्रुत आहे.

सांडपाणी आणि मैलापाणी हा भेद मराठीने फार पूर्वी केला आहे. न्हाणीचे, धुण्याचे पाणी म्हणजे सांडपाणी, शौचालयाचे ते मैलापाणी. घर बैठे होते तोवर हा भेद आचरणातही होता. सदनिका आली आणि दोन्ही पाणी एकाच नळातून खाली जाऊ लागले. थोडे घाण पाणी आणि फार घाण पाणी एकत्र केले की सारेच फार घाण होते, आणि मग ते शुद्ध करण्याचा खर्च कितीतरी वाढतो. म्हणून पुनर्वापराची पहिली पायरी यंत्राची नाही, नळाची आहे. दोन पाण्यांचे नळ इमारत बांधतानाच वेगळे काढणे आणि शौचालयांच्या टाकीला स्वतंत्र नळ देणे, एवढे झाले की अर्धे काम झाले. पुढचे टप्पे असे: जाळीने केस-तंतू अडवायचे, एका टाकीत गाळ बसू द्यायचा, वाळू-खडीच्या थरातून किंवा झाडांच्या वाफ्यातून पाणी काढायचे आणि शेवटी क्लोरिनची मात्रा द्यायची. स्वयंपाकघराचे पाणी यात घेऊ नये. त्यात तेल-तूप आणि खरकटे असते, त्याला चरबी अडवणारे वेगळे कुंड लागते. आणि निवळलेले नसलेले पाणी एक दिवसापेक्षा जास्त साठवू नये, नाहीतर ते कुजते आणि दुर्गंधी सुटते. नळाचा रंग वेगळा हवा, म्हणजे हे पाणी चुकूनही पिण्याच्या नळात मिसळणार नाही. यात कोणतेही गूढ विज्ञान नाही.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगतो. उंच इमारतीपेक्षा जुन्या चाळीत हे काम सोपे असते. चाळीत शौचालये सामाईक आणि एका ठिकाणी असतात, धुण्याची जागाही सामाईक असते. एक टाकी, एक पंप आणि दोन नळ यांत भागते. पण सरकारच्या आणि बिल्डरच्या डोळ्यांपुढे असते ते गृहसंकुल, चाळ कधीच नसते. पुनर्वापराची योजना श्रीमंतांच्या बागेपुरती राहू द्यायची नसेल, तर ती चाळीपासून सुरू करा, असे आपण म्हटले पाहिजे.

उष्णतेचे काय

विषयाचा दुसरा भाग उष्णतेचा. आंघोळीचे पाणी आपण तापवतो आणि मिनिटाभरात ती ऊब मोरीतून घालवतो. २० लिटरची एक बादली २५ अंशांवरून ४० अंशांवर नेण्यास ३०० किलोकॅलरी उष्णता लागते. विजेच्या भाषेत एक तृतीयांश युनिटाहून थोडी अधिक. आपल्या २०० माणसांच्या इमारतीत प्रत्येकाने एक बादली ऊन पाणी घेतले, तर रोज ७० युनिट वीज. ही वीज कोठून येते आणि तिच्यासाठी कोणी काय मोजले आहे, हे आपल्या तालुक्यात तरी सांगण्याची गरज नसावी. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. ५४० मेगावॅटच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण या गावांना उठावे लागले. अशा केंद्रात निर्माण होणाऱ्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांशाचीच वीज होते. उरलेली दोन तृतीयांश समुद्राच्या पाण्यात सोडून द्यावी लागते. म्हणजे आधी उष्णता निर्माण करायची, तिचा मोठा भाग समुद्रात घालवायचा, उरलेल्याची वीज करायची, तारांतून नेताना आणखी थोडी गमवायची, आणि शेवटी स्नानगृहातील गीझरमध्ये तिची पुन्हा उष्णताच करायची, तीही ४० अंशांची! ज्या कामाला उन्हात ठेवलेले घंगाळही पुरले असते, त्या कामासाठी दोन गावे उठवली, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी खरे नसेल, पण सर्वस्वी खोटेही म्हणता येणार नाही.

थंड देशांनी या उष्णतेचा विचार पूर्वीच केला आहे. सांडपाण्याच्या उभ्या तांब्याच्या नळाभोवती थंड पाण्याची नळी गुंडाळतात. जाणारे ऊन पाणी येणाऱ्या गार पाण्याला तापवते. कॅनडातील व्हॅन्कुव्हर शहराने २०१० पासून फॉल्स क्रीक या वस्तीतील इमारतींना मैलापाण्यातून काढलेल्या उष्णतेने ऊब आणि गरम पाणी पुरवण्यास प्रारंभ केला. तेथे वापरतात तो उष्णता-पंप आपल्या शीतकपाटाच्याच तत्त्वावर चालतो: एक युनिट वीज खर्चून तो साधारण तीन युनिट उष्णता एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो.

परंतु परदेशी उपकरण जसेच्या तसे आणून बसवणे हा उपाय नव्हे. नळीभोवती नळी ही युक्ती शॉवरच्या आंघोळीला लागू पडते, कारण तेथे ऊन पाणी वाहून जाते त्याच क्षणी गार पाणी आत येत असते. आपली आंघोळ बादलीची. बादली भरते आधी आणि पाणी मोरीत जाते नंतर, त्यामुळे दोघांची गाठच पडत नाही. शिवाय आपल्या किनाऱ्यावर टाकीतले पाणी मुळातच फार गार नसते, आणि मोरीत मिसळून खाली पोहोचेपर्यंत ऊन पाणी बरेच निवते. दोन्हींतील अंतर थोडे, म्हणून हाती येणारी बचतही थोडी. पालघरच्या सामान्य इमारतीत या उपकरणावर पैसा घालवू नये, असेच मी सांगेन. येथे आधी सूर्य, मग मोरी आणि सर्वांत शेवटी वीज, हा क्रम योग्य. गच्चीवर सौर उष्णजल यंत्र बसवले की वर्षाचे बहुतेक महिने भागते.

मोरीतील उष्णतेचा उपयोग कोठे होईल? जेथे ऊन पाण्याचा वापर मोठा, एकत्रित आणि दिवसभर असतो तेथे: रुग्णालये, वसतिगृहे, मोठ्या खानावळी आणि कारखान्यांची उपाहारगृहे. आणि जव्हारसारख्या उंचावरच्या, थंडी पडणाऱ्या गावांतील आश्रमशाळा. शेकडो मुले सकाळी एकाच वेळी आंघोळ करतात. सौर यंत्राला मदतीस एक टाकी आणि तीत उष्णतेची देवाणघेवाण करणारे वेटोळे बसवले, तर हिवाळ्यात गार पाण्याने कुडकुडत अंग धुणाऱ्या पोरांना ऊन पाणी देता येईल. मागे उरलेले सांडपाणी शाळेच्या परसबागेला जाईल. नागपूरच्या 'नीरी' या राष्ट्रीय संस्थेने 'युनिसेफ'च्या साहाय्याने मध्य प्रदेशातील धार आणि झाबुआ या आदिवासी जिल्ह्यांत आश्रमशाळांतील सांडपाण्याच्या पुनर्वापराचे प्रयोग केले आणि २००७ साली त्याची मार्गदर्शिकाही काढली. झाबुआला जे जमले ते जव्हारला का जमू नये?

ज्यांनी चूल पाहिली आहे, त्यांना उष्णतेच्या पुनर्वापराचे तत्त्व शिकवण्याची गरज नाही. चुलीशेजारचा वैल दुसरे काय आहे? चुलीवर भाकरी होते, आणि तिच्या उरलेल्या जाळावर वैलातले पाणी तापते. लाकूडफाटा ज्या बाईला डोक्यावरून आणावा लागतो, तिने वैल शोधून काढला. वीज ज्याला बटण दाबून मिळते, त्याला तो आठवत नाही.

दोन धोके

आता आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाच्या भागाकडे येतो. पुनर्वापर ही चांगली गोष्ट आहे, एवढे म्हणून आपण थांबलो तर फसू. दोन धोके आहेत.

पहिला धोका असा, की बचतीचा मालक कोण, हे न ठरवता बचत केली तर ती बिल्डरच्या खिशात जाते. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने ठराविक आकारापेक्षा मोठ्या गृहसंकुलांना सांडपाण्याच्या पुनर्वापराची योजना बंधनकारक केली आहे. नियम चांगला आहे. पण ही योजना म्हणजे परवानगीच्या कागदावरचा एक चौकोन, असे होता कामा नये. जाहिरातीत 'पर्यावरणस्नेही' म्हणून मिरवायचे, भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत यंत्र चालवायचे, आणि सोसायटीच्या गळ्यात ते बांधून निघून जायचे, ही रीत बांधकाम व्यवसायाला अपरिचित नाही. वीजबिल परवडत नाही म्हणून सोसायटी यंत्र बंद करते आणि पुन्हा टँकर सुरू होतो. समजा, यंत्र चाललेही, तरी वाचलेल्या पाण्यावर आणखी एक मनोरा उभा राहिला, तर सूर्येच्या शेतकऱ्याला काय मिळाले? जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने वाढवण बंदरास मंजुरी दिली. बंदर, द्रुतगती रेल्वे, नवी नगरे यांचा धडाका पाहता या किनाऱ्यावर घरबांधणी वाढणार हे स्पष्ट आहे. म्हणून वाचलेल्या पाण्याचा हिशोब आजच लिहून घेतला पाहिजे. पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी १९७० च्या दशकात पाणीपंचायत उभी केली, तेव्हा त्यांनी पाण्याचा हक्क जमिनीच्या एकरांवर न ठेवता घरातील माणसांवर ठेवला आणि भूमिहीनालाही वाटा दिला. पाणी वाचवण्याआधी पाणी वाटण्याचा नियम, हा त्या प्रयोगाचा धडा. तो धडा शहरांनाही लागू आहे.

दुसरा धोका माणसाच्या जिवाचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात, विरारच्या एका खासगी गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात उतरलेले चार कामगार गुदमरून मेले. टाकीत मैलापाणी कुजून विषारी वायू साठतो, हे विज्ञान आहे. तरीही प्राणवायूचे साधन न देता त्यात माणूस उतरवला जातो, हा गुन्हा आहे. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करण्याची प्रथा आणि गटारांची, मलकुंडांची धोकादायक सफाई यांवर बंदी घातली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. परंतु भरपाई मेल्यावर मिळते. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात आप्पासाहेब पटवर्धनांनी सफाईचे काम स्वतः हाती घेतले आणि माणसाला मैल्यात उतरावे लागणार नाही अशा संडासाचे प्रयोग केले. त्यांना तंत्राची आवड होती ती जातीचा नाश व्हावा म्हणून. आज त्याच्या उलट घडते आहे. नवे तंत्र येते, आणि त्याच्या तळाशी उतरायला जुनीच जात शोधली जाते. ज्या पुनर्वापराच्या टाकीत माणूस उतरवावा लागतो, तिला पर्यावरणरक्षण म्हणण्यास मी तयार नाही.

याच संदर्भात एक अडथळा आपल्या मनातलाही आहे. मोरीचे पाणी पुन्हा वापरायचे म्हटले, की अनेकांच्या कपाळाला आठी पडते. रोगजंतूंची भीती असेल तर ती योग्य आहे. तिचा उपाय गाळणी आणि क्लोरिन. परंतु पुष्कळदा ती भीती नसते, विटाळ असतो. चवदार तळ्यावर १९२७ साली बाबासाहेबांनी आणि १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' मोहिमेत बाबा आढावांनी ज्या मनोवृत्तीशी झुंज दिली, तिचेच हे शेपूट आहे. घाण करणारा शुद्ध आणि घाण काढणारा अशुद्ध, हा हिशोब जोवर डोक्यात आहे, तोवर सांडपाण्याचा कोणताही प्रश्न नीट सुटणार नाही.

कारखान्यांना मोकळीक नको

काही साथी म्हणतील, की बोईसरच्या गृहिणीला बादलीचा हिशोब शिकवता आणि तारापूरच्या कारखान्यांविषयी गप्प बसता? गप्प बसण्याचे कारण नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यमापनात देशातील प्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत तारापूर पहिल्या क्रमांकावर होते. किनाऱ्यावरील मच्छीमारांची मासळी आणि खाड्या या सांडपाण्याने नासल्या. मांगेला समाजाच्या परिषदेला २०१६ साली राष्ट्रीय हरित लवादाकडे जावे लागले. काटकसरीचा उपदेश गरिबाला आणि सवलत भांडवलदाराला, अशी वाटणी आपण मान्य करणार नाही.

पण कारखान्यांचा प्रश्न घरगुती सांडपाण्याशी जोडलेलाही आहे, आणि येथे सर्वांत मोठी संधी आहे. नागपूर महापालिकेचे भांडेवाडी येथे शुद्ध केलेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्रात वापरले जाते. चेंबूरच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्स या सरकारी कारखान्याने मुंबईचे मैलापाणी शुद्ध करून वापरण्याचा प्रकल्प उभारला. मग पालघर आणि बोईसरचे सांडपाणी शुद्ध होऊन तारापूरच्या कारखान्यांना, शीतकरणासाठी आणि बाष्पकांसाठी, का जाऊ नये? कारखान्यांनी शहराचे वापरलेले पाणी घ्यावे आणि तेवढे सूर्येचे पाणी शेतीला परत द्यावे. पाण्याचा क्रम माणूस, मग शेती, मग उद्योग असा हवा. वापरलेल्या पाण्याचा पहिला गिऱ्हाईक मात्र उद्योग असावा.

आपला कार्यक्रम

तेव्हा केवळ भाषण ऐकून न जाता, पुढील मागण्यांवर आपण गावोगाव आणि वॉर्डावॉर्डांत काम करावे, अशी माझी सूचना आहे.

एक: सांडपाणी-योजना प्रत्यक्ष चालू असल्याची तपासणी झाल्याविना कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाला भोगवटा प्रमाणपत्र देऊ नये. पुढील काही वर्षे तिच्या देखभालीची आर्थिक जबाबदारी बिल्डरवर असावी.

दोन: नगरपालिका आणि महानगरपालिका यांनी दरवर्षी पुनर्वापराने किती पाणी वाचले याचा जाहीर हिशोब द्यावा, आणि तेवढे पाणी सूर्येच्या लाभक्षेत्रात सोडले जाईल असा लेखी करार पाटबंधारे खात्याशी करावा.

तीन: कोणत्याही टाकीत माणूस उतरवला जाणार नाही. यंत्राने साफ होणार नाही अशा टाकीला परवानगीच नको. मृत्यू झाल्यास गुन्हा कंत्राटदाराबरोबर इमारतीच्या मालकावरही दाखल व्हावा.

चार: चाळी आणि लहान इमारती यांना दुहेरी नळासाठी अनुदान आणि मालमत्ता करात सूट. काम स्थानिक प्लंबरांच्या आणि गवंड्यांच्या सहकारी संस्थांना द्यावे.

पाच: जिल्ह्यातील आश्रमशाळांत सौर उष्णजल आणि सांडपाण्यावरील परसबाग यांची योजना आदिवासी विकास विभागाने प्राधान्याने राबवावी.

सहा: तारापूरच्या उद्योगांना शुद्ध केलेल्या शहरी सांडपाण्याचा वापर टप्प्याटप्प्याने सक्तीचा करावा आणि त्या प्रमाणात त्यांचा सूर्येतील कोटा कमी करावा.

साथींनो, हा कार्यक्रम लहान दिसतो. त्यासाठी कोणी तुरुंगात जाणार नाही, वर्तमानपत्रांत मथळे येणार नाहीत. तरीही त्याच्या दुसऱ्या कलमापाशी खरा विरोध होईल, हे मी आजच सांगून ठेवतो. पाणी वाचवा म्हटले की सगळे टाळ्या वाजवतात. वाचलेले पाणी ज्याचे होते त्याला परत द्या म्हटले की सभागृह रिकामे होते. आपल्या पक्षाचे काम तेथूनच सुरू होते. येत्या महिन्यात प्रत्येक शाखेने आपल्या भागातील दहा इमारतींची पाहणी करावी: नळ वेगळे आहेत काय, यंत्र चालते काय, टँकर किती येतात, टाकी कोण साफ करतो. त्याच महिन्यात सूर्येच्या लाभक्षेत्रातील एका गावी जाऊन कालव्याचे पाणी कोठवर पोहोचते, तेही पाहावे. दोन्ही टिपणे शेजारी ठेवली, की पुढचे निवेदन कोणास द्यायचे आणि त्यात काय मागायचे, हे कोणी वेगळे सांगावे लागणार नाही.